हिमावरील रात्रीची शर्यत

चैत्र लागला की खानदेशातून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ सुरू होते. चलथाण, उधना या बाजूची पुष्कळ मराठी घरे मूळची खानदेशातील असल्यामुळे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ही वाट कोणी ना कोणी तुडविलेली असेल. ही मंडळी दुपारच्या वेळी झाडाखाली किंवा एखाद्या मंडपात विसावतात आणि चालतात ती मुख्यतः रात्री व पहाटे. चैत्रातील ऊन टाळणे हा त्यातील हेतू. जुनागढच्या गिरनारवर जाणारे भाविकही मध्यरात्र उलटताच पायऱ्या चढू लागतात, ते याच कारणासाठी. त्याच गिरनारवर हिवाळ्यात गुजरात राज्याची एक प्रसिद्ध शर्यत भरते. तरुण मुले पायथ्यापासून अंबाजीच्या देवळापर्यंतच्या सुमारे ५५०० पायऱ्या धावत चढतात आणि तशाच धावत उतरतात. मुलींची शर्यत माळी परबपर्यंतच्या सुमारे २२०० पायऱ्यांची असते. पुढे येणारे तरुण हे सारे काम तासाभराच्या आसपास आटोपतात.

आता या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत अशी कल्पना करू. रात्रीची वेळ, डोंगर चढून उतरण्याची शर्यत, पायऱ्यांच्या जागी हिमाने झाकलेला उभा उतार, पायांत चपलांऐवजी जवळजवळ माणसाएवढ्या लांब दोन फळ्या, आणि कपाळावर बांधलेला बॅटरीचा दिवा. युरोपातील आल्प्स पर्वतात अशा शर्यती होतात, आणि त्यांत शेकड्यांनी माणसे भाग घेतात. ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, दिवसाढवळ्या जे काम अवघड, ते हे लोक अंधारात का करतात? धाडसाची हौस, असे उत्तर बहुतेक जण देतात. आमच्या मते ते उत्तर अपुरे आहे. रात्र निवडण्यामागे हिमाच्या स्वभावाचे ज्ञान आहे, आणि ते समजून घेण्यासाठी हे लोक हिमावरून चढतात तरी कसे, येथपासून आरंभ केला पाहिजे.

या फळ्यांना स्की म्हणतात. हा शब्द नॉर्वे देशातला. त्याचा मूळ अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी. शिकारी, टपालवाले, शेजारच्या गावी निघालेले शेतकरी अशा लोकांनी थंड देशांत हजारो वर्षे या फळ्या वापरल्या; खेळ हा त्यांचा अलीकडचा उपयोग. स्कीच्या खेळांत डोंगरावरून घसरत खाली येण्याचा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात वर नेण्याचे काम रोपवे करतो. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत त्या प्रकारात मात्र वर जायचे तेही स्वतःच्या पायांनी, स्की न काढता. या खेळाला इंग्रजीत स्की माउंटेनिअरिंग असे लांबलचक नाव आहे. २०२६ च्या फेब्रुवारीत इटलीतील बोर्मिओ येथे तो हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळला गेला. तेथील एकेरी शर्यत तीन मिनिटांच्या आसपास संपणारी होती. दूरदर्शनावर पाहण्यास ती ठीक. परंतु या खेळाचे खरे रूप त्या तीन मिनिटांत दिसते असे आम्हांस वाटत नाही. ते दिसते रात्रभर चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत.

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. बर्फ या एकाच शब्दाखाली आपण दोन वस्तू मोडतो. कारखान्यातून लादीच्या रूपाने येतो तो घट्ट, जड, काचेसारखा बर्फ. आणि आकाशातून कापसासारखे पडते ते हिम. गोळेवाला लादी किसतो तेव्हा खाली जो भुगा पडतो तो हिमाच्या थोडाफार जवळ येतो. नुकत्याच पडलेल्या हिमात नऊ दशांशांहून अधिक जागा हवेनेच व्यापलेली असते. म्हणूनच त्यावर साध्या बुटांनी पाऊल टाकले तर माणूस गुडघ्यापर्यंत, प्रसंगी कमरेपर्यंत रुततो. सामानासह ७० किलो वजनाचा माणूस घेऊ. त्याच्या दोन तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे ५०० वर्ग सेंटिमीटर धरल्यास प्रत्येक वर्ग सेंटिमीटरवर १४० ग्रॅम भार येतो. १६० सेंटिमीटर लांब व सात सेंटिमीटर रुंद अशा दोन स्कींचे क्षेत्रफळ २२४० वर्ग सेंटिमीटर होते; तेव्हा भार ३१ ग्रॅमवर उतरतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतात चिखलावर फळी टाकून चालणारा शेतकरी हेच गणित करतो.

रुतण्याचा प्रश्न सुटला, पण घसरण्याचा? जी फळी उतारावरून लीलया घसरते ती चढावर मागे का घसरू नये? याचे उत्तर आमच्या विद्यार्थ्यांच्या हाताशीच आहे. उसाच्या पात्याच्या कडेवरून बुडाकडून शेंड्याकडे बोट फिरवा. ते सहज जाते. उलट फिरवा, बोट कापते. पात्याच्या कडेवरचे सूक्ष्म दाते एकाच दिशेला कललेले असतात, हे त्याचे कारण. गवतातून चालताना धोतराच्या काठाला किंवा सलवारीला चिकटणारे कुसळ असेच पुढे पुढे सरकते, मागे येत नाही. स्कीच्या तळाला जी लांब पट्टी चिकटवितात तिच्यावर असेच मागे कललेले आखूड केस असतात. पाऊल पुढे सरकविताना केस निजतात आणि फळी पुढे जाते. भार देताच ते उभारून हिमात रुततात आणि फळी जागच्या जागी धरून ठेवतात. पूर्वी या पट्ट्या सील नावाच्या समुद्रप्राण्याच्या कातड्याच्या करीत. आता त्या अंगोरा शेळीच्या केसांच्या किंवा नायलॉनच्या असतात. नाव मात्र अजून कातडे असेच राहिले आहे. पट्टीला लावलेला डिंक असा असतो की तो थंडीत पकड सोडीत नाही आणि ओढताच सुटतो. तो फार गारठला तर चिकटत नाही, म्हणून काढलेली पट्टी गुंडाळून सदऱ्याच्या आत छातीशी ठेवतात. अंगाची ऊब तिला पुढच्या चढापर्यंत जिवंत ठेवते.

दुसरी युक्ती टाचेची. चालताना आपली टाच उचलली जाते. ती फळीला जखडली तर चालणे अशक्य. उलट घसरत उतरताना टाच मोकळी असली तर तोल सांभाळणे कठीण. म्हणून बुटाचे पुढचे टोक दोन पोलादी टोकांच्या चिमट्यात धरायचे, चढताना टाच सुटी ठेवायची आणि माथ्यावर पोहोचताच ती जखडून टाकायची, अशी योजना असते. फ्रिट्झ बार्थेल या ऑस्ट्रियन गृहस्थाने १९८० नंतरच्या दशकात ही दोन टोकांची पकड तयार केली, आणि तेव्हापासून हे सामान इतके हलके होत गेले की आज शर्यतीतील स्कीची जोडी पकडीसह दीड किलोच्या आसपास भरते.

चढ फारच उभा झाला तर सरळ वर जाता येत नाही. तेव्हा घाटातील रस्त्याप्रमाणे नागमोडी वळणे घेत जावे लागते, आणि प्रत्येक वळणावर एक पाय उचलून लांब फळीसह मागे फिरवावा लागतो. त्याहूनही उभा उतार आला तर स्की पाठीवर अडकवून बुटांनी पायऱ्या खणीत जावे लागते. माथ्यावर पोहोचताच स्पर्धक वाकतो, दोन झटक्यांत पट्ट्या ओढतो, त्या छातीशी कोंबतो, टाचा जखडतो आणि निघतो. कसलेल्या स्पर्धकाला याला थोडे सेकंद पुरतात. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी, अंधारात, छाती भात्यासारखी हलत असता हे करावयाचे असते हे लक्षात घेतले म्हणजे त्याची किंमत कळेल.

पट्टी निघाली की तीच फळी घसरू लागते. हिम घसरडे का, याचे उत्तर जुन्या पाठ्यपुस्तकांत असे दिलेले असे की दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याचा पातळ थर वंगणाचे काम करतो. परंतु हिशेब केला तर हे टिकत नाही. बर्फाचा वितळणबिंदू एक अंशाने उतरविण्यास प्रत्येक वर्ग सेंटिमीटरवर सुमारे १३० किलो दाब लागतो, आणि वर आपण पाहिले की स्कीखाली तो जेमतेम ३१ ग्रॅम असतो. १९३९ मध्ये बाउडन व ह्यूज या दोघा शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख या उंच खिंडीत प्रयोग करून दाखविले की वंगण होते ते घर्षणाच्या उष्णतेने. शिवाय बर्फाच्या अगदी वरच्या थरातील कण आतल्या कणांइतके घट्ट बांधलेले नसतात. तशी कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच मांडली होती. अर्थात स्कीपटू स्वतःच्या वेगाने स्वतःची वाट ओलावीत जातो.

आता रात्रीकडे वळू. रात्र निवडण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. इटलीतील डोलोमाइट पर्वतात सेल्ला नावाच्या अजस्र खडकाळ पठाराभोवती दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस सेल्लारोंदा नावाची शर्यत होते. ती १९९५ मध्ये सुरू झाली. कोर्वारा, अराब्बा, कानाझेई आणि सेल्वा ही त्या पठाराभोवतीची चार गावे, आणि आरंभाचा मान दर वर्षी पाळीपाळीने एकेका गावाला मिळतो. दिवसभर या उतारांवर रोपवेने वर जाणाऱ्या व घसरत खाली येणाऱ्या हजारो प्रवाशांची वर्दळ असते. त्यांच्यावरच त्या खोऱ्यांचे पोट चालते. तेव्हा शर्यतीला उतार मोकळे मिळतात ते संध्याकाळी रोपवे थांबल्यावर. सहाच्या सुमारास दोघादोघांच्या जोड्या सुटतात. एकूण वाट ४२ किलोमीटरची. म्हणजे चलथाणहून बारडोलीला जाऊन परत येण्याएवढी. चढांची बेरीज २७०० मीटर; समुद्रसपाटीपासून कळसूबाईची जी उंची आहे तिच्या दीडपटीहून अधिक. सर्वांत वेगवान जोड्या हे अंतर तीन तासांच्या आसपास कापतात. जोडीतील दोघांनी एकत्र राहिले पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे बलवानाला दुर्बलाच्या चालीने जावे लागते. दुरून पाहणाऱ्याला काळ्या डोंगरावरून दिव्यांची एक लांब माळ वर सरकताना दिसते.

दुसरे कारण हिमाच्या स्वभावातले, आणि तेच महत्त्वाचे. पावसाळ्यात साखरेच्या पोत्याला ओल लागली आणि मग ती वाळली, तर आतली साखर दगडासारखी होते, हे साखर कारखान्याच्या गावात वेगळे सांगावयास नको. ओल असेतो दाणे सैल व चिकट असतात. ओल गेली की दाणे एकमेकांना सांधले जातात. वसंतातील हिमाचे तसेच आहे. दिवसा सूर्य तापला की हिमाच्या वरच्या कणांचे पाणी होते, ते आत झिरपते, कणाकणांतील सांधे सुटतात आणि सगळा थर उतारावर सैल बसतो. मग एखाद्या क्षणी तो थर आपल्या भारानेच निसटतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. रात्री तेच पाणी पुन्हा गोठते, दाणे सांधले जातात आणि पहाटेपर्यंत वरचा थर पक्क्या सडकेसारखा होतो. ज्या उतारावर पहाटे चार वाजता निर्धास्त जाता येते, त्याच उतारावर दुपारी बारा वाजता पाऊल टाकण्यास जाणता वाटाड्या तयार होत नाही.

यात आणखी एक मौज आहे. हवेचे तापमान शून्याच्या दोनतीन अंश वर असले तरी निरभ्र रात्री हिम गोठू शकते. पौषातल्या सकाळी उसाच्या पात्यांवर दव साचलेले असते, पण आदल्या रात्री आभाळ भरलेले असले तर ते फारसे दिसत नाही, हे शेतकऱ्यांच्या मुलांनी पाहिले असेल. निरभ्र रात्री पाते आपली उष्णता थेट आकाशात टाकते आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होते. ढग असले तर ते पांघरुणासारखे काम करतात. हिमही तेच करते. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. अलाहाबादेकडे हिवाळ्याच्या रात्री उथळ खड्ड्यांत उसाची वाळलेली कांडे किंवा मक्याची ताटे पसरीत, त्यांवर मातीच्या पसरट परळांत पाणी ठेवीत आणि पहाटे त्या पाण्यावर धरलेला बर्फ गोळा करीत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये ही रीत लिहून ठेवली आहे. आल्प्समधील वाटाडे ढगाळ, उबदार रात्रीला वचकून असतात, ते यामुळेच. त्या रात्री अंधार असतो, पण गोठण होत नाही.

हे ज्ञान ज्या शर्यतीच्या हाडीमाशी भिनले आहे ती स्वित्झर्लंडमधील. पात्रुई दे ग्लासिए असे तिचे फ्रेंच नाव असून त्याचा अर्थ हिमनद्यांवरील गस्त असा होतो. दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, सीमेवरील पर्वतांत सैनिक किती तग धरतात हे अजमावण्यासाठी स्विस सैन्यातील रोदोल्फ तिसिएर आणि रोजे बोंव्हँ या दोन कॅप्टनांनी ती कल्पना काढली, आणि १९४३ मध्ये ती प्रथम झाली. (यांतील बोंव्हँ पुढे १९६७ मध्ये स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झाले.) झेरमाट गावातून निघायचे, तेत ब्लांश नावाच्या ३६५० मीटर उंचीच्या हिममाथ्यावरून आरोला गावात उतरायचे, पुन्हा चढून अनेक खिंडी ओलांडीत व्हेर्बिए येथे पोहोचायचे, अशी ही ५० किलोमीटरांहून अधिक लांबीची वाट. चढांची बेरीज सुमारे ४००० मीटर. सैन्यात या वाटेला जुन्या काळी तीनचार दिवस लागत. आज पहिला येणारा संघ सहा तासांच्या आत पोहोचतो.

या वाटेचा मोठा भाग हिमनदीवरून जातो. हिमनदी म्हणजे शतकानुशतके साचून घट्ट झालेला आणि अत्यंत सावकाश खाली सरकणारा बर्फ. खालचा खडक उंचसखल असला की वरचा बर्फ ताणला जाऊन भेगा पडतात. काही भेगा वीसतीस मीटर खोल असतात. हिवाळ्यात त्यांच्या तोंडावर हिमाचे पूल धरतात आणि भेग वरून दिसेनाशी होते. पूल रात्री गोठलेला असतो तेव्हा माणसाचा भार पेलतो. उन्हाने मऊ झाला की पेलत नाही. म्हणून या शर्यतीत तिघातिघांचे संघ असतात आणि हिमनदीवर तिघांनी एकाच दोराने बांधून घ्यावयाचे असते. एक पडला तर दोघांनी धरावे हा त्यातला अर्थ.

१९४९ च्या शर्यतीत एका संघातील तिघेही अशा भेगेत पडून मरण पावले. त्यांचा पत्ता लागण्यास आठ दिवस लागले. देशभर खळबळ उडाली, आणि सरकारने शर्यतच बंद केली. ती बंदी पस्तीस वर्षे टिकली. १९८४ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली, आणि पुढे ती दोन वर्षांनी एकदा होऊ लागली. आम्हांस या इतिहासात सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती सुटण्याच्या वेळांची रचना. आपल्याकडील कोणत्याही शर्यतीत सारे एकदम सुटतात. येथे रात्री दहाच्या सुमारास सुटतात ते सर्वांत मंद संघ. त्यानंतर टप्प्याटप्प्याने इतर. आणि सर्वांत वेगवान संघांना पहाटे तीनच्या सुमारासपर्यंत थांबवून धरतात. हेतू असा की वेगवान असो वा मंद, धोक्याच्या जागी प्रत्येकाने हिम गोठलेले असतानाच पोहोचावे. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेपर्यंत जो संघ पोहोचत नाही त्याला तेथेच थांबवितात. वर्षभर तयारी केलेल्या माणसाला पाय चालत असताना परत फिरावे लागणे किती कडू असेल ते सांगावयास नको. तथापि सूर्याशी घासाघीस करता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी वाटेवर सैनिक, डॉक्टर, वाटाडे तैनात असतात. एरव्ही तो पर्वत कोणाची गय करीत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये झेरमाटहून याच बाजूने आरोलाकडे निघालेले सहा जण तेत ब्लांशच्या परिसरात वादळात सापडले. शोधपथके हवामानामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेथे पोहोचू शकली नाहीत, आणि पोहोचली तेव्हा पाच जणांचे मृतदेह हाती लागले. म्हणूनच लांब पल्ल्याच्या शर्यतींत प्रत्येकाजवळ एक लहान संदेशयंत्र, एक फावडे आणि एक लांब सळई असावीच लागते. यंत्र हिमाखालून खूण पाठविते, सळईने नेमकी जागा टोचून पाहतात, फावड्याने खणतात. गाडलेल्या माणसाची आशा पहिल्या दहापंधरा मिनिटांतच खरी असते. म्हणजे बाहेरून मदत येण्याची वाट पाहण्याइतका वेळ नसतो, आणि वाचवील तो शेजारचा सोबतीच.

चढाविषयी इतके लिहिले, आता उताराविषयी. हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी वाचली आहे. रायगड चढल्याबद्दल तिचे नाव राहिलेले नाही. राहिले ते अंधारात कडा उतरल्याबद्दल. गिरनारच्या शर्यतीत भाग घेतलेले तरुणही सांगतात की चढताना छाती दुखते, पण उतरताना मांड्या आणि गुडघे हार खातात. उतारावर स्नायूला ताणले जात असतानाच भार धरावा लागतो, आणि तसे काम स्नायूला लवकर दुखविते. हिमावर यात वेगाची भर पडते. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. कपाळावरच्या दिव्याचा उपयोगी उजेड ५० मीटरपर्यंत पडतो असे धरले, तर समोर दिसलेल्या वस्तूपासून टाळाटाळ करण्यास तीन सेकंद मिळतात. त्यातून आपल्या आधी गेलेल्या शेकडो स्कींनी तो उतार चरे पाडून ठेवलेला असतो, आणि ज्या गोठणीने चढ सुरक्षित केला तीच उतारावर फळीची कड लागू देत नाही. रात्रीचा हा दुसरा हात आहे, आणि तो विसरून चालत नाही. एक सोय मात्र आहे. भर दुपारी ढगाळ हवेत सर्वत्र सारखा पांढरा उजेड पसरतो आणि उंचवटा कोणता, खळगा कोणता हेच कळत नाही; कपाळावरच्या दिव्याने निदान प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. बॅटरी थंडीत लवकर मंदावते, म्हणून जाणते लोक तीही पट्टीप्रमाणे अंगाशी ठेवतात.

आपल्या देशात रात्रीच्या अशा मोठ्या शर्यतीची परंपरा नाही. पण हा खेळ आहे. काश्मीरमध्ये सुमारे २६५० मीटर उंचीवर गुलमर्ग आहे, आणि तेथून अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ ४००० मीटरांपर्यंत, रोपवे जातो. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२० मध्ये सुरू झाल्या, आणि त्यांतील गुलमर्गच्या सामन्यांत हा चढउताराचा प्रकारही आला. त्यात सैन्यदलाच्या खेळाडूंचा वरचष्मा असतो, आणि ते साहजिक आहे. हिमावर राहणे, चालणे, ओझे वाहणे हा त्यांचा रोजचा धंदा. उंच पर्वतांतील युद्धाचे शिक्षण देणारी सैन्याची शाळाही गुलमर्गलाच आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी जवळच्या खिलनमर्ग येथे शिक्षण घेत असलेल्या जवानांवर हिमस्खलन कोसळले आणि १७ जण मृत्युमुखी पडले. येथे एक भेद सांगणे आवश्यक आहे. आम्ही वर वर्णन केलेली रात्रीची गोठण वाचविते ती उन्हाने ओल्या झालेल्या हिमापासून. भर हिवाळ्यात जुन्या थरावर नव्या हिमाचा जाड थर पडतो तेव्हा त्याला बसण्यास दिवसच्या दिवस लागतात, आणि त्या काळात रात्र व दिवस सारखेच धोक्याचे. आल्प्समधील त्या स्विस शर्यतीने एप्रिल महिना निवडला आहे तो यासाठीही. तोवर हिवाळ्याचे थर बसलेले असतात.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी सापुताऱ्याच्या धुक्यापलीकडे थंडी पाहिलेली नसेल. तरीही कोणाला हा खेळ शिकण्याची इच्छा झालीच तर गुलमर्गला भारत सरकारची स्की व गिर्यारोहणाची संस्था आहे, आणि मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतही हिवाळ्यात स्कीचे वर्ग भरतात. तेथे आरंभी रोपवेच्या आशेने जाऊ नये. नवशिक्याला आधी पडावे कसे आणि लांब फळ्यांसह उठावे कसे हे शिकवितात. मग फळ्या उताराला आडव्या धरून, एकेक पाऊल बाजूला टाकीत, थोडा चढ चढावयास लावतात. वर गेले की वीसपंचवीस मीटर घसरत खाली यायचे, आणि पुन्हा आडव्या पावलांनी वर.